अल्पायुषी पथक, दीर्घायुषी आवाज

१९४४ साली मुंबईत तीन गाणारे एकत्र आले. अण्णाभाऊ साठे मूळचे वाटेगावचे, आजच्या सांगली जिल्ह्यातले. जेमतेम दीड दिवस शाळा पाहिलेले, घरच्यांबरोबर पायी मुंबई गाठलेले आणि मिळेल ते काम करत गिरणीपर्यंत पोचलेले. अमर शेख बार्शीचे, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. गिरणीत राबलेले, बसवर क्लीनरचं काम केलेले, आई मुनेरबी यांच्या तोंडची लोकगीतं ऐकत वाढलेले. तिसरे द. ना. गव्हाणकर, लिहिणारे आणि गाणारेही. तिघेही कम्युनिस्ट चळवळीत मुरलेले. त्यांनी काढलेल्या पथकाचं नाव ‘लाल बावटा कलापथक’.

या पथकाच्या भराचा काळ मोजला तर चार-पाच वर्षांचा भरतो. एवढ्या अवधीत संसारसुद्धा धड रुळत नाही. पण आज, ऐंशी वर्षांनंतर, महाराष्ट्रात कुठल्याही मोर्च्यात पोरांचा एक घोळका डफ घेऊन उभा राहतो, एक जण ओळ फेकतो, बाकीचे ती झेलतात आणि जमलेले लोक हातातलं काम सोडून ऐकू लागतात. त्या उभं राहण्यात आणि त्या ओळ फेकण्यात हे तिघे हजर असतात. गाणाऱ्या पोरांना त्यांची नावं माहीत असोत वा नसोत. इतक्या छोट्या आयुष्यात इतका लांब पल्ला कसा गाठता येतो, हे मला कलेच्या इतिहासातलं एक मोठं नवल वाटतं. बल्लारपूरसारख्या गावात राहून या नवलाचा उलगडा जास्त चांगला होतो असंही वाटतं. त्याचं कारण पुढे येईलच.

आधी त्यांच्या हातात काय होतं ते पाहू. डफ म्हणजे लाकडी कडं आणि त्याच्या एका अंगाला ताणून बसवलेलं कातडं. हवेत ओल असली की कातडं सैल पडतं आणि आवाज बसतो. मग चार काटक्या पेटवून डफ शेकायचा, टिचकी मारून पाहायचं, पुन्हा शेकायचा. तुणतुणं त्याहून साधं. एक पोकळ लाकडी नळकांडं, त्याच्या तळाला कातडं, बाजूला ठोकलेली बांबूची काठी, आणि कातड्याच्या मध्यापासून काठीच्या वरच्या खुंटीपर्यंत ताणलेली एकच तार. तुणतुण्यावर राग वाजत नाही. एकच स्वर वाजत राहतो, आणि शाहिराला आपला सूर कुठे आहे ते सतत सांगत राहतो. दोन्ही वाद्यं गावातल्या गावात तयार होतात, फाटली-तुटली तर गावातच दुरुस्त होतात आणि खांद्याला अडकवून पॅसेंजरच्या जनरल डब्यात चढवता येतात.

खरी करामत मात्र झीलकऱ्यांची. शाहीर उंच सुरात कडव्याची शेवटची ओळ सोडतो आणि मागे उभे असलेले झीलकरी ती उचलून ‘जी जी रं जी’ करत लांबवतात. एवढ्या वेळात तीन गोष्टी घडतात. शाहिराचा दम भरून येतो. ऐकणाऱ्याला ओळ पचवायला सवड मिळते. आणि जो नुसता बघायला आला होता तो नकळत झील धरू लागतो. ध्वनिक्षेपक नसताना हजारो माणसांपर्यंत गोष्ट पोचवायची आणि तासभर त्यांना धरून ठेवायचं, याचं हे तंत्र आहे. ते किमान साडेतीनशे वर्षं जुनं आहे. अफजलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा शिवकाळातला. तेव्हापासून पोवाडा गायला जायचा तो राजांच्या आणि सरदारांच्या पराक्रमाचा.

अण्णाभाऊंनी हे सगळं तंत्र जसंच्या तसं ठेवलं आणि पराक्रम गाजवणारा माणूस बदलला. १९४३ साली त्यांनी ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ रचला. कल्पना करून पाहा. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहणारा, शाळेत न शिकलेला एक जवान रशियातल्या व्होल्गाकाठच्या लढाईवर पोवाडा बांधतो, आणि परळ-लालबागचे कामगार तो ऐकायला दाटीवाटीने बसतात. पानिपत आणि सिंहगड ऐकायला सरावलेल्या कानांना त्याच चालीत स्टालिनग्राड ऐकू येतं आणि ते परकं वाटत नाही. पुढच्याच वर्षी बंगालच्या दुष्काळावर ‘बंगालची हाक’ आली. भुकेने मरणारा बंगाली शेतकरी मराठी डफावर चढून गिरणगावात आला.

तमाशाच्या बाबतीत त्यांनी याहून धाडसाचं काम केलं. पारंपरिक तमाशाची घडण ठरलेली असते. आधी गणात गणपतीचं स्तवन. मग गवळण, तिच्यात कृष्ण, पेंद्या, मावशी आणि मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी. त्यानंतर बतावणी आणि शेवटी वग. अण्णाभाऊंनी गणातून गणपती काढला आणि तिथे भूमीला, राबणाऱ्या हातांना आणि लढून गेलेल्यांना वंदन ठेवलं. गवळण सरळ वगळली. बाईच्या शृंगारावर उभा असलेला भाग गेला, पण हजरजबाबीपणा राहिला, सोंगाड्याची फिरकी राहिली, प्रेक्षकाशी थेट बोलणं राहिलं. त्या सांगाड्यात ‘अकलेची गोष्ट’ आली, ‘शेटजींचे इलेक्शन’ आलं, पुढे ‘मुंबई कुणाची’ आलं. पूर्वी वगात राजा आणि प्रधान भेटायचे. आता शेतकरी आणि सावकार, मजूर आणि मालक समोरासमोर उभे राहू लागले. तमाशावर सरकारी बंदीचं सावट आलं तेव्हा हाच प्रकार ‘लोकनाट्य’ या नावाने पुढे चालत राहिला.

लावणीचंही तसंच. पठ्ठे बापूरावांनी मुंबईच्या वैभवाची लावणी लिहिली होती, ती महाराष्ट्राला तोंडपाठ होती. अण्णाभाऊंनी ‘मुंबईची लावणी’ लिहिली आणि तीच मुंबई उलट बाजूने दाखवली. एकीकडे मलबार हिलची श्रीमंती, दुसरीकडे परळची घामाने निथळणारी वस्ती. बापूरावांची लावणी ज्याच्या कानात होती त्याला अण्णाभाऊंची लावणी दुप्पट जोराने लागली. अंगावर येणारी गोष्ट सांगायची तर ऐकणाऱ्याच्या ओळखीच्या चालीतून सांगावी, ही समज या पथकाकडे सुरुवातीपासून होती.

या पथकाच्या सुरुवातीच्या गोष्टीत टिटवाळ्याचं नाव येतं. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन भरलं, त्या मांडवात हे पथकही होतं. त्याच अधिवेशनाला ठाणे जिल्ह्याच्या जंगलपट्टीतून काही वारली आदिवासी आले होते. वेठबिगारीत पिचलेली ही माणसं परत गेली ती मनाशी काही ठरवून, आणि त्याच वर्षी किसान सभेच्या गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या साथीने वारल्यांचा उठाव उभा राहिला. गाणं आणि उठाव एकाच मांडवाखालून निघाले होते, एवढं इथे ध्यानात ठेवा.

मग १९४८ उजाडलं. कम्युनिस्ट पक्षाने सरकारशी संघर्षाचा पवित्रा घेतला, सरकारने धरपकड सुरू केली. पथकाच्या कार्यक्रमांवर बंदी आली, माणसं तुरुंगात किंवा भूमिगत झाली, पुढे चळवळीतही मतभेद वाढले. एकसंध पथक म्हणून लाल बावट्याचा भर ओसरला. हिशोबाच्या वहीत इथे शेवटची रेघ ओढावी लागेल.

अशी रेघ ओढून चुकलेले लोक जगात इतरत्रही आहेत. इंग्लंडमधला ‘सेक्स पिस्टल्स’ हा बॅंड घ्या. पंक संगीताचं नाव निघालं की हा बॅंड पहिल्या दमात आठवतो. पंक म्हणजे भडक, वेगवान, दोन-तीन मिनिटांत संपणारी गाणी. वाजवणाऱ्याला संगीताची तालीम असलीच पाहिजे असं नाही, सांगण्यासारखा राग मात्र हवा. न्यूयॉर्कच्या ‘रामोन्स’ने १९७६ च्या पहिल्या अल्बममध्ये चौदा गाणी अर्ध्या तासाच्या आत बसवली होती. सेक्स पिस्टल्सचा पहिला कार्यक्रम नोव्हेंबर १९७५ मध्ये झाला आणि जानेवारी १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कार्यक्रमानंतर बॅंड फुटला. मधल्या सव्वादोन वर्षांत एकच पूर्ण अल्बम निघाला. राणीवरच्या त्यांच्या गाण्यावर बीबीसीने बंदी घातली, तरी ते खपाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं.

पण नवल वेगळंच आहे. ४ जून १९७६ ला मॅंचेस्टरच्या एका छोट्या सभागृहात त्यांचा कार्यक्रम झाला. ऐकायला पन्नासही माणसं नव्हती असं सांगतात. त्यातच पीटर हुक आणि बर्नार्ड समनर होते, त्यांनी पुढे ‘जॉय डिव्हिजन’ काढला. मॉरिसी होता, तो पुढे ‘द स्मिथ्स’चा गायक झाला. मार्क स्मिथ होता, त्याने ‘द फॉल’ काढला. कार्यक्रम भरवणारे दोघे ‘बझकॉक्स’चे होते. हुकने तर दुसऱ्याच दिवशी बेस गिटार विकत घेतली. तेव्हा त्याला ती वाजवता येत नव्हती.

त्या सभागृहात बसलेल्यांना थक्क करायला सफाईदार वादन हवं होतं असं नाही. त्यांना उमगलं ते एवढंच, की हे आपल्यालाही जमेल. मोठा उस्ताद गातो तेव्हा आपण हात जोडतो आणि घरी जातो. अशी टोळी गाते तेव्हा आपण घरी जाऊन वाद्य शोधतो. म्हणून अशा टोळीचं आयुष्य तिच्या कार्यक्रमांच्या तारखांवरून मोजता येत नाही. ती विरजणासारखी असते. चमचाभर विरजण दुधात गेलं की दिसेनासं होतं, पण सकाळी पातेलंभर दही लागलेलं असतं आणि त्यातलाच चमचाभर उद्याच्या दुधाला पुरतो.

लाल बावट्याचं आणि पंकचं साम्य इथवर आहे. पुढे वाटा वेगळ्या होतात आणि तो फरक मला फार मोलाचा वाटतो. पंकवाल्या पोरांनी आधीचं सगळं मोडीत काढल्याचं जाहीर केलं. अण्णाभाऊ, अमर शेख आणि गव्हाणकरांनी आधीचं सगळं उचललं आणि त्याचं तोंड फिरवलं. पोवाडा, लावणी, छक्कड, वग हे सगळं लोकांचंच होतं. ते त्यांनी लोकांना परत दिलं, नवा आशय भरून. त्यामुळे त्यांचं अनुकरण करायला बाजारातून गिटार आणावी लागली नाही. ज्या घरात एखादा म्हातारा डफ खुंटीला टांगून होता, त्या घरात पुढचं पथक तयारच होतं.

त्याची पहिली प्रचीती संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आली. १९५५ च्या अखेरीपासून तिघांचे आवाज पुन्हा मैदानं भरू लागले. अण्णाभाऊंची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड याच काळातली. पोटासाठी मुंबईला आलेल्या माणसाची बायको गावी राहिली आहे, तिच्या आठवणीने तो व्याकूळ झाला आहे. ऐकणारा प्रत्येक गिरणी कामगार ते दुःख स्वतःच्या उशाशी घेऊन झोपत होता. ऐकता ऐकता ती मैना बदलते. बेळगाव-कारवारचा दूर राहिलेला, तुटलेला मुलूख म्हणजेच ती, हे कळतं तेव्हा प्रियेचा विरह आणि प्रांताचा विरह एक झालेले असतात. राजकीय मागणी माणसाच्या काळजात कशी उतरवायची याचा याहून चांगला धडा मराठीत मला माहीत नाही. अमर शेखांचा खडा, पहाडी आवाज हे गाणं घेऊन गावोगाव गेला. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला.

१९६९ च्या १८ जुलैला अण्णाभाऊ गेले. सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, अमर शेख अपघातात गेले. तोवर ‘पुढारी पाहिजे’ लिहून पु. ल. देशपांडे लोकनाट्याच्या वाटेने गेले होते, आणि वसंत सबनीसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ दादा कोंडक्यांनी घराघरांत पोचवलं होतं. त्या नाटकांचं राजकारण वेगळं होतं. पण गवळणीला आणि वगाला आजच्या गोष्टी बोलायला लावता येतात, हा भरवसा तोवर मराठी रंगभूमीच्या अंगवळणी पडला होता.

१९७२ मध्ये नामदेव ढसाळ, राजा ढाले आणि ज. वि. पवार यांनी दलित पॅंथर उभी केली. तीही अल्पायुषी. दोन वर्षांत फूट पडली, १९७७ मध्ये बरखास्त झाली. पण मराठी कवितेची जीभ तिने कायमची बदलली. अमर शेखांची मुलगी मलिका अमर शेख स्वतः कवयित्री, आणि तिचं लग्न नामदेव ढसाळांशी झालं. एका घरात दोन अल्पायुषी वादळं नात्याने जोडली गेली.

पुढे मुंबईत आव्हान नाट्य मंच आला. त्यातले विलास घोगरे आणि संभाजी भगत कामगारांच्या वस्त्यांतून गात राहिले. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मारली गेली, आणि चार दिवसांनी घोगरे यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. त्याच घाटकोपरच्या चिरागनगरात अण्णाभाऊ कितीतरी वर्षं राहिले होते. आनंद पटवर्धनांनी घोगरेंपासून सुरुवात करून ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट केला. चैतन्य ताम्हाणेंच्या ‘कोर्ट’मध्ये लोकशाहीर नारायण कांबळेची भूमिका नागपूरच्या वीरा साथीदारांनी केली आणि संगीत संभाजी भगतांनी दिलं. वस्तीत उभं राहून गाणं म्हणणारा एक म्हातारा आणि त्याच्यावर चालणारा खटला, ही गोष्ट जगभरच्या महोत्सवांत पाहिली गेली.

आणि ते टिटवाळ्याचं ध्यानात ठेवलंय ना? २०१९ मध्ये मुंबईच्या ‘स्वदेसी’ या हिपहॉप गटाने आरेतले वारली कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन ‘द वारली रिवॉल्ट’ हे गाणं काढलं. डफाच्या जागी इलेक्ट्रॉनिक ठेका आहे, जमिनीचा प्रश्न तोच आहे. १९४५ मध्ये एका मांडवाखालून निघालेलं गाणं आणि निघालेला उठाव चौऱ्याहत्तर वर्षांनी एकाच गाण्यात भेटले. त्यांची भेट कुणी ठरवून घडवली नव्हती. विरजण आपलं काम करत होतं.

आता बल्लारपूर. वर्धा नदीच्या काठचं हे गाव गोंड राजांच्या किल्ल्याचं. जंगलातल्या बांबूवर चालणारी पेपर मिल इथे आली, कोळशाच्या खाणी आल्या, बल्लारशाह जंक्शनवर उत्तर आणि दक्षिण भेटू लागले. मराठी, तेलुगू, हिंदी, बंगाली बोलणारे कामगार एकाच पाळीत उतरतात आणि चढतात, म्हणून या गावाला ‘मिनी इंडिया’ म्हणतात. लाल बावट्याचा श्रोता असाच होता. गाव सोडून आलेला, भोंग्यावर जगणारा, संध्याकाळी आपल्या भाषेतला सूर शोधणारा. आमच्या तेलुगू शेजाऱ्यांकडेही हीच गोष्ट घडली. त्याच चाळीसच्या दशकात आंध्रात प्रजा नाट्य मंडळीने शेख नाझर यांच्यासारख्या कलावंतांबरोबर बुर्रकथा हा जुना प्रकार असाच शेतकऱ्याच्या बाजूने वळवला. एकाच काळी दोन भाषांत हे घडावं आणि दोन्ही भाषा आमच्या एकाच गल्लीत बोलल्या जाव्यात, हा मला बल्लारपूरचा मोठा ठेवा वाटतो.

इथल्या मातीत आणखी एक ओघ आहे. १६ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपूरला धम्मदीक्षा दिली. आंबेडकरी जलसे लाल बावट्याच्याही आधीपासून चालत आलेले, आणि वामनदादा कर्डकांसारख्या कवीने ती परंपरा पुढे कितीतरी दशकं गावोगाव नेली. निळा आणि लाल हे ओघ वेगवेगळे, त्यांच्यात मतभेदही झाले, पण हातातला डफ एकच. एक ऑगस्टला अण्णाभाऊंची जयंती आणि चौदा एप्रिलला बाबासाहेबांची जयंती साजरी होते तेव्हा वस्तीत दोन्ही तऱ्हेची गाणी ऐकू येतात.

आणि पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत तर या सगळ्याचं मूळ अजून जिवंत आहे. धान घरात आलं की इथे दंडार आणि खडी गंमत हे लोकनाट्याचे प्रकार सुरू होतात. खडी गंमतीत कलावंत रात्रभर उभे राहून गातात, नाचतात, सवाल-जवाब करतात. प्रेक्षक चहूबाजूंनी बसतो. पडदा नाही, विंग नाही, पळून जायला जागा नाही. वडसा हे केंद्र धरून चालणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकांना आता मोठा व्याप आणि मोठी उलाढाल आहे. खडी गंमतीचे शाहीर मात्र वयाने थकत चालले आहेत. अण्णाभाऊंनी जे हत्यार पारजलं ते असंच एखाद्या गावच्या गंमतीतून आलेलं होतं. ते आमच्याकडे अजून खुंटीला आहे. उचलणाऱ्या हाताची वाट आहे.

म्हणून झाडीतल्या वाचकांना एक मागणं आहे. या हंगामात आपल्या भागातल्या खडी गंमतीला जा आणि पहाटेपर्यंत थांबा. शाहिराची परवानगी घेऊन अख्खा प्रयोग मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. गाणं कुणी रचलं, चाल कुणाकडून आली, गावाचं नाव काय, ते तिथेच विचारून लिहून ठेवा. आणि घरातल्या पोरांना बरोबर नेऊन झील धरायला उभं करा.